चुकलेल्या चालींचे भांडार : बुद्धिबळाच्या कोड्यांची अकराशे वर्षे

१/२२
लिचेस या मोफत बुद्धिबळ-संकेतस्थळावर कोड्यांचा विभाग उघडला, की एक पट समोर येतो. प्रतिस्पर्धी एक चाल करतो आणि मग पट शांत होतो. आता उत्तर सोडवणाऱ्याने शोधायचे. अशी पन्नास लाखांहून अधिक कोडी तिथे आहेत आणि त्यांतील एकही कोणी बसून रचलेले नाही. कुठे तरी दोन माणसे खरा डाव खेळली, त्यांतील एक चुकला आणि त्या चुकीचे कोडे झाले. हे भांडार कसे उभे राहिले आणि ते कसे सांभाळले जाते, याची ही कथा. तिची सुरुवात मात्र बगदादपासून करावी लागते. #थ्रेड

२/२२
प्रथम डावपेच म्हणजे काय ते पाहू. एकाच घोड्याने राजा आणि वजीर दोघांवर एकदम हल्ला केला, तर राजाला हलावेच लागते आणि वजीर जातो. उंटाच्या रेषेत घोडा आणि त्याच्या मागे राजा असेल, तर तो घोडा जागचा हलू शकत नाही. अशा दोन-चार चालींच्या सक्तीच्या मालिकेला डावपेच म्हणतात. दीर्घ योजना कितीही सुंदर असली, तरी एका डावपेचाने ती कोलमडते. म्हणून शिकणाऱ्याला सर्वांत आधी याचाच सराव सांगितला जातो.

३/२२
या सरावामागे मानसशास्त्राचा आधार आहे. डच मानसशास्त्रज्ञ आणि बुद्धिबळपटू आड्रियान द ख्रूट यांनी खेळाडूंच्या विचारपद्धतीवरचा आपला प्रबंध १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी पाच सेकंद पट दाखवून तो पुन्हा मांडायला सांगितला. खऱ्या डावातील स्थिती निष्णात खेळाडूंनी नवशिक्यांपेक्षा कितीतरी अचूक मांडली. तीच मोहरी वाटेल तशी विखुरली, तेव्हा हा फरक जवळजवळ नाहीसा झाला.

४/२२
याचा अर्थ असा, की निष्णात खेळाडूची स्मरणशक्ती सर्वसाधारणपणे अफाट असते असे नाही. त्याच्या मनात ओळखीच्या आकृतींचा मोठा साठा असतो. तो साठा भरायचा तर तीन गोष्टी हव्यात. भरपूर स्थिती हव्यात, त्या खऱ्या खेळाशी मिळत्याजुळत्या हव्यात आणि प्रत्येकीचे उत्तर निर्विवाद हवे. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. बुद्धिबळाच्या कोड्यांचा इतिहास हा बऱ्याच अंशी तिच्यामागे धावण्याचा इतिहास आहे.

५/२२
नवव्या-दहाव्या शतकांत अब्बासी खलिफांच्या दरबारी अल्-अदली आणि अस्-सूली हे शतरंजचे थोर जाणकार होऊन गेले. निवडक स्थिती मांडून त्यांची उकल देण्याची प्रथा त्यांच्या काळात रुळली होती. अशा स्थितीला अरबीत ‘मन्सूबा’ म्हणत. तेव्हाचा वजीर तिरपे एकच घर चाले आणि हत्तीचे नाव धारण करणारे मोहरे तिरपी दोन घरे उडी मारी. घोडा आणि रथ मात्र आजच्या घोड्या-हत्तीप्रमाणेच चालत. त्यामुळे कोपऱ्यातील राजाला या दोघांनी मिळून दिलेली मात आजही तशीच लागू पडते. जगभर तिला ‘अरबी मात’ म्हणतात.

६/२२
अस्-सूलीची एक स्थिती ‘सूलीचा हिरा’ म्हणून प्रसिद्ध आहे. आपण ज्याला शिकवले त्याच्याखेरीज ती कोणालाही सुटलेली नाही, असा त्याचा दावा होता. तिची समाधानकारक उकल होण्यास विसावे शतक उजाडले आणि रशियन ग्रँडमास्टर यूरी अवरबाख यांनी ती मांडली. हजार वर्षे एक कोडे जिवंत राहिले ही गोष्ट रोमांचक खरी. पण उत्तर रचणाऱ्याच्या आणि त्याच्या शिष्यांच्या मुठीत राहिले, तर विद्येचे काय होते, हेही तिच्यात दिसते.

७/२२
आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अल्-अदली आणि अस्-सूली यांचे मूळ ग्रंथ आज हाती नाहीत. जे उरले, ते नंतरच्या संकलनकारांनी आपल्या हस्तलिखितांत उतरवून घेतले म्हणून. मात्र उतरवताना हात चुकतो. एखादे प्यादे शेजारच्या घरात गेले, की कोडे सुटेनासे होते किंवा त्याला दोन उत्तरे निघतात. नकलेमुळे कोडी जगली आणि नकलेमुळेच ती बिघडली. पुढच्या सर्व पिढ्यांना हा पेच वारशाने मिळाला.

८/२२
युरोपात हा वारसा पोहोचला तेव्हा त्याला पैजेची जोड मिळाली. कास्तीलचा राजा दहावा अल्फोन्सो याने १२८३ मध्ये पूर्ण करविलेल्या खेळांच्या ग्रंथात बुद्धिबळाच्या १०३ स्थिती आहेत. त्याच शतकाच्या सुमारास ‘बोनुस सोचिउस’ या टोपणनावाचा मोठा संग्रह तयार झाला. लोक पट मांडून पैज लावीत : अमुक चालींत मात करून दाखवा. इथे सदोष कोडे धूर्ताच्या फायद्याचे ठरे. समोरचा ज्या बाजूने खेळेल, त्याच्या विरुद्ध बाजूचा बचाव याला ठाऊक असे. उत्तर एकच आहे की नाही, हा प्रश्न तेव्हा थेट खिशाशी निगडित होता.

९/२२
१७३७ मध्ये सिरियातील अलेप्पोचा फिलिप स्तम्मा याने पॅरिसमध्ये शंभर स्थितींचे पुस्तक छापले. पूर्वेकडची मन्सूब्यांची परंपरा त्याने नव्या नियमांच्या बुद्धिबळात आणली. स्थिती अशा, की एका बाजूची मात अगदी दारात उभी आणि दुसऱ्या बाजूला आधी शह देत देत जिंकायचे. घरांना अक्षर आणि अंक देण्याची, आजच्या पद्धतीशी जवळीक असलेली लेखनपद्धतीही त्याने वापरली. १७४७ मध्ये लंडनच्या सामन्यात तरुण फिलिडोरने त्याचा पराभव केला. त्याची लेखनपद्धती मात्र काळाने उचलून धरली.

१०/२२
या परंपरेचा एक धागा मुंबईतूनही जातो. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. ते ‘विलासमणिमंजरी’ या त्यांच्या संस्कृत रचनेचे भाषांतर होते आणि युरोपीय नियमांना जुळवून घेतलेले होते. शिकणाऱ्याची प्रगती व्हावी आणि स्मरणशक्तीला व्यायाम घडावा अशा बिकट स्थितींचा हा संग्रह, असे त्याच्या लांबलचक शीर्षकातच सांगितले आहे. आजच्या कोड्यांच्या संकेतस्थळाने आपला हेतू सांगायचा ठरवला, तर त्याला याहून वेगळे काही सांगावे लागणार नाही.

११/२२
१८८३ मध्ये स्कॉटिश पत्रकार डेव्हिड फोर्साइथ यांनी वरकरणी क्षुल्लक वाटणारी सोय सुचवली. पटाची चित्राकृती छापण्याऐवजी स्थिती एका ओळीत लिहायची. प्रत्येक मोहऱ्याला एक अक्षर आणि सलग रिकाम्या घरांना एक अंक. पुढे स्टीव्हन एडवर्ड्स यांनी ती पद्धती संगणकासाठी वाढवली : चाल कोणाची, किल्लेकोट अजून शक्य आहे का, हेही त्याच ओळीत आले. प्यादे शेजारच्या घरात सरकण्याची जुनी व्याधी इथे बरीचशी संपली. आज कोड्यांचे प्रत्येक भांडार या एका ओळीवर उभे आहे.

१२/२२
विसावे शतक जाडजूड पुस्तकांचे होते. फ्रेड राइनफेल्ड यांनी १९५५ मध्ये १००१ स्थितींचे पुस्तक दिले. तीन बुद्धिबळपटू मुलींचे वडील आणि शिक्षक लास्लो पोल्गार यांच्या १९९४ च्या ग्रंथात ५३३४ समस्या आणि डाव आहेत. या पुस्तकांनी पिढ्या घडवल्या. मात्र पुस्तकाला वाचक दिसत नाही. कोणते कोडे कोणाला जड गेले, हे त्याला कधीच कळत नाही. छापलेली चूक पुढच्या आवृत्तीपर्यंत तशीच राहते आणि पुढची आवृत्ती निघेलच असे नसते.

१३/२२
खेळाडूचे बळ आकड्यात मोजण्याची आर्पाद एलो यांची पद्धत अमेरिकी संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. संख्याशास्त्रज्ञ मार्क ग्लिकमन यांनी तिच्यात एक भर घातली : हा आकडा किती खात्रीचा आहे, हेही मोजायचे. नव्या खेळाडूचा आकडा डळमळीत असतो, जुन्याचा स्थिर. ग्लिको आणि नंतरची ग्लिको-२ या पद्धती इथून आल्या. कोड्याला प्रतिस्पर्धी मानले तर हेच गणित त्यालाही लावता येते. कोडे सुटले तर माणूस जिंकला, नाही सुटले तर कोडे जिंकले.

१४/२२
त्याआधी मालकीचा प्रश्न एकदा पेटला होता. १९९२ पासून इंटरनेटवर बुद्धिबळाचा एक सर्व्हर चाले. त्याच्या उभारणीत अनेक स्वयंसेवकांचे श्रम होते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ डॅनियल स्लेटर यांनी त्यात मोठ्या सुधारणा केल्या आणि १९९५ मध्ये तो सशुल्क केला. सांभाळायला पैसा लागतो, ही एक बाजू. आम्ही फुकट दिलेले काम आता विकले जाते, ही दुसरी. असंतुष्टांनी त्याच वर्षी वेगळा विनामूल्य सर्व्हर उभा केला. श्रम सामूहिक असतील तर फळ कोणाचे, हा प्रश्न त्यानंतर बुद्धिबळाच्या प्रत्येक संकेतस्थळाला विचारला जाऊ लागला.

१५/२२
लिचेसने या प्रश्नाचे उत्तर आपल्या रचनेतच दिले. फ्रेंच प्रोग्रॅमर तिबो द्युप्लेसी यांनी २०१० मध्ये ते छंद म्हणून सुरू केले. त्याचा संपूर्ण कोड खुला आहे. तो कोणीही वाचावा, बदलावा, स्वतःच्या सर्व्हरवर चालवावा. जाहिराती नाहीत, सशुल्क सदस्यत्व नाही. खर्च देणग्यांतून चालतो आणि त्याचा हिशेब सर्वांना पाहता येतो. तिथे खेळले गेलेले मानांकित डाव महिन्यामहिन्याने डाउनलोडसाठी ठेवले जातात, तेही सर्व हक्क सोडून. पुढे हेच डाव कोड्यांचा कच्चा माल ठरले.

१६/२२
डावांच्या या ढिगाऱ्यातून कोडे शोधायचे कसे? स्टॉकफिश हे खुले बुद्धिबळ-इंजिन प्रत्येक स्थितीचे मोल आकड्यात सांगते. एका चालीनंतर तो आकडा एकदम कोसळला, की तिथे कोणी तरी चुकले. लिचेसने विश्लेषण झालेले तीस कोटी डाव चाळले आणि आशादायक स्थिती इंजिनाला पुन्हा तपासायला दिल्या. प्रत्येक वेळी चार कोटी संभाव्य स्थितींपर्यंत खोल. एकाच प्रोसेसरवर हे काम केले असते, तर पन्नास वर्षांहून अधिक काळ लागला असता. कोणा एका माणसाच्या आयुष्यात न मावणारे हे काम अनेक यंत्रांनी वाटून घेतले.

१७/२२
या चाळणीचा मुख्य नियम साधा आणि कठोर आहे. सोडवणाऱ्याची प्रत्येक चाल ‘एकमेव’ असली पाहिजे. दुसरी कोणतीही चाल केली तर स्थिती लक्षणीय बिघडली पाहिजे. दोन चाली सारख्याच चांगल्या असतील तर ती स्थिती कितीही देखणी असो, बाद. अपवाद एकच : एका चालीत मात असेल तर मात देणारी कोणतीही चाल मान्य. पैजेच्या पटावरील धूर्ताची सद्दी इथे संपते. उत्तर एकच असल्याची हमी आता गुरूच्या शब्दावर राहिलेली नाही. शंका असेल त्याने तेच इंजिन घरी चालवून पडताळावे.

१८/२२
कोडे प्रसिद्ध झाले, की देखभाल सुरू होते आणि ती बहुतांशी सोडवणारेच करतात. प्रत्येक प्रयत्न हा माणूस आणि कोडे यांच्यातील मानांकित सामना समजून ग्लिको-२ पद्धतीने दोघांचेही आकडे बदलतात. इंजिनाला सोपे वाटलेले कोडे माणसांना सतत चकवत असेल, तर त्याचा आकडा आपोआप चढतो. मागे जाणारी चाल, शह न देणारी शांत चाल यंत्राला क्षणात दिसते, माणसाच्या नजरेतून निसटते. अवघड काय हे शेवटी माणसांच्या चुकण्यावरूनच ठरते.

१९/२२
विषयांची लेबलेही अशीच. आधी एक प्रोग्रॅम प्रत्येक कोडे वाचून त्यात कोणता डावपेच आहे ते नोंदवतो. मग लोक मत देऊन लेबल योग्य की अयोग्य ते सांगतात. या लेबलांत इतिहास दाटीवाटीने बसलेला आहे. ‘अरबी मात’ मन्सूब्यांच्या काळातली. ‘अनास्ताशिया मात’ हे नाव विल्हेल्म हाइन्झ या जर्मन लेखकाच्या १८०३ च्या कादंबरीवरून आले. ‘बोडेन मात’ इंग्रज खेळाडू सॅम्युअल बोडेन याच्या १८५३ मधील डावामुळे. दोन उंटांची ती मात काल रात्री कोणा अनामिकाच्या घाईच्या डावात पुन्हा घडते आणि यंत्र तिच्यावर बोडेनचे नाव चिकटवते.

२०/२२
या साऱ्याला मर्यादा आहेत. कोडे समोर आले, की इथे काहीतरी आहे, हे आधीच कळलेले असते. खऱ्या डावात अशी घंटा कोणी वाजवत नाही. दुसरे असे, की भांडार सांभाळणे म्हणजे केवळ गणित नव्हे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील एका मोठ्या डेटा सेंटरला आग लागली. असंख्य संकेतस्थळांप्रमाणे तिची झळ लिचेसलाही पोहोचली. सर्व्हरचे भाडे, पाठप्रती, फसवणूक पकडणे, स्वयंसेवकांकडून होणारी भाषांतरे : हे काम कधीच संपत नाही आणि ते नीट चालू असते तेव्हा कोणाच्याही लक्षात येत नाही.

२१/२२
तरीही बगदादच्या आचार्यांना जे साधले नाही, ते इथे साधले आहे. कोड्यांचे संपूर्ण भांडार एका फाइलच्या रूपाने, सर्व हक्क सोडून, कोणालाही उतरवून घेता येते. प्रत्येक ओळीत स्थिती, उत्तर, काठिण्याचा आकडा, विषय आणि मूळ डावाचा दुवा. उद्या हे संकेतस्थळ बंद पडले, तरी दुसरा कोणीही त्यावर नवे उभे करू शकेल. अल्-अदलीचा ग्रंथ अनामिक नकलकारांच्या कृपेने अर्धामुर्धा वाचला. या भांडारात नकल करण्याची मुभा आधीच दिलेली आहे आणि नकल बिघडली तर ती तपासण्याचे साधनही सर्वांच्या हाती आहे. त्यामुळे हा संग्रह कोणा एकाच्या हयातीवर अवलंबून नाही.

२२/२२
शेवटी इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक सुचवणी. जुन्या ग्रंथांनी बहुधा जिंकणाऱ्यांची कीर्ती जपली. या भांडारात लाखो साध्या खेळाडूंच्या चुका, त्या ज्या डावात झाल्या त्यासह जपल्या आहेत. सामान्य माणूस कुठे अडखळतो याचे एवढे मोठे दप्तर क्वचितच कोणत्या विद्येने ठेवले असेल. पुढचे कोडे सुटल्यावर त्याच्या मूळ डावाचा दुवा एकदा उघडून पाहावा. ज्याच्या चुकीतून आपण शिकलो, त्याला ती जिंकणारी चाल दिसली होती का? पुष्कळदा असे आढळते, की ज्याने ती खेळायची, त्याच्याही नजरेतून ती सुटलेली असते.